पद्यमय कादंबऱ्या आणि आमचे खेळाडू

कविता म्हटली कीं आमच्या वर्गांतील खेळाडू मंडळींची मान खालीं जाते. मैदानावर जीं मुलें वाऱ्याशीं स्पर्धा करतात, तींच कवितेचा तास आला म्हणजे बाकाखालीं वांकून बुटांच्या नाड्या बांधूं लागतात. अशा मुलांच्या हातीं मुद्दाम पद्यांत लिहिलेली कादंबरी द्यावी, ही कल्पना प्रथमदर्शनीं विपरीत वाटेल. परंतु अमेरिकेंत गेल्या कांहीं वर्षांत खेळावरच्या अशा कादंबऱ्या निघाल्या आहेत, आणि त्या आपल्या सहावी ते आठवीच्या वयाच्या मुलांसाठींच लिहिलेल्या आहेत. त्यांपैकीं दोन-तीन आम्हीं आमच्या विद्यार्थ्यांबरोबर वाचल्या. त्यांविषयीं वाचकांशीं चार शब्द बोलावे असें मनांत आहे.

त्यांत सर्वांत गाजलेलें पुस्तक म्हणजे क्वामे अलेक्झांडर या कवीचें ‘द क्रॉसओव्हर’. तें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें व २०१५ सालीं त्यास बालवाङ्मयांतील मोठ्या मानाचें न्यूबेरी पदक मिळालें. जॉश व जॉर्डन बेल हे जुळे भाऊ बास्केटबॉलमध्यें तरबेज. बाप एके काळचा नामांकित खेळाडू. आई शाळेंत उपमुख्याध्यापिका. पुस्तकाचे भागदेखील सामन्याप्रमाणें पाडले आहेत : आधीं अंग मोकळें करणें, मग चार क्वार्टर, शेवटीं जादा वेळ. चेंडू आपटीत असतां प्रतिस्पर्ध्यास एका बाजूस ओढावें, आणि निमिषार्धांत तो दुसऱ्या हातांत घेऊन दुसऱ्याच बाजूनें निसटावें, या चालीस क्रॉसओव्हर म्हणतात.

चेंडू धांवूं लागला कीं ओळीही धांवतात. कोठें शब्द पायऱ्यांसारखे खालीं उतरतात, कोठें अक्षरें लहानमोठीं होतात, आणि वाचणाऱ्याचा श्वास खेळणाऱ्यासारखा तुटक होतो. शिवाय पानावर अक्षरें थोडीं व कागद फार, त्यामुळें जाड पुस्तकाची धास्ती घेतलेला मुलगाही भराभर पानें उलटतो. आमच्या आठवीच्या एका विद्यार्थ्यानें वर्षभरांत एकही इंग्रजी पुस्तक शेवटास नेलें नव्हतें. त्यानें हें दोन रात्रींत संपविलें, आणि सकाळीं येऊन कांहींशा संशयानें विचारलें, “सर, हें खरेंच पुस्तक आहे ना?”

आमच्या शिक्षकमंडळींतील एका वडील सहकाऱ्यांस मात्र हें पद्य म्हणणेंच मान्य नाहीं. गद्याचे तुकडे करून ते एकाखालीं एक मांडले म्हणजे कविता होते काय, असें ते विचारतात. त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हे. याच लेखकाच्या ‘बुक्ट’ या २०१६ सालच्या फुटबॉलवरील पुस्तकांत कित्येक पानें अशीं आहेत कीं ओळी जोडून टाकल्या तरी कांहीं बिघडणार नाहीं. ओवींत कथा ऐकत वाढलेल्या आपल्या कानास तर हें चटकन खटकतें. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून निघालें. श्रीधराचे ग्रंथ गांवोगांव वाचले जात. पद्यांत गोष्ट सांगणें आपणांस नवें नाहीं, पण आपल्या पद्यास चाल आहे, तें पोथी सोडूनही कानांत राहतें. या कादंबऱ्यांस अशी चाल नाहीं. यांचें बळ निराळ्या ठिकाणीं आहे, आणि तें आम्हांस पुस्तकाच्या उत्तरार्धांत सांपडलें.

जॉश यास शब्दांचा नाद आहे. मधूनमधून तो शब्दकोशाच्या थाटांत एखाद्या शब्दाची फोड करून त्याचा अर्थ सांगतो. आरंभीं ही त्याची ऐट असते. क्रॉसओव्हर म्हणजे काय तें तो असेंच मिरवीत सांगतो. पुढें बापास रक्तदाबाचा विकार आहे हें कळतें. बाप डॉक्टरांकडे जावयास कबूल होत नाहीं. तेव्हां मुलगा त्या रोगाच्या नांवाची तशीच फोड करतो, आणि अखेर हृदयविकाराच्या त्या लांबलचक वैद्यकीय नांवाची. थाट तोच, पण ऐट गेलेली असते. ज्याविषयीं बोलवत नाहीं त्याची व्याख्या तरी करूं, एवढाच आधार त्या पोरास उरतो. भाषा शिकविण्यांत अर्धें आयुष्य गेलेल्या आम्हांस ती पानें फार लागलीं.

बाप मरतो. खेळाच्या पुस्तकांत हें दुःख मुलांपुढें कशास, हा आमच्या त्याच सहकाऱ्यांचा दुसरा आक्षेप. वर्गांत वडील नुकतेच वारलेला एक मुलगा होता, म्हणून हा आक्षेप आम्हांस केवळ तात्त्विक राहिला नाहीं. पुस्तक त्यास आम्हीं दिलें नव्हतें. मित्राकडून त्यानें आपण होऊन घेतलें. मग एके दिवशीं प्रकट वाचनाच्या तासाला त्यानें उभें राहून नेमकीं तींच पानें वाचलीं. तेथें ओळी दोन-तीन शब्दांच्या, मध्यें कोरी जागा. तो घाईनें वाचील असें आम्हांस वाटलें होतें. त्यानें ती कोरी जागासुद्धां वाचली : प्रत्येक ओळीनंतर थांबला, श्वास घेतला, पुढें गेला. वर्गांत कोणी हाललें नाहीं. वाचन संपल्यावर तो खालीं बसला व शेजाऱ्याकडून रबर मागून घेतलें. गद्याच्या परिच्छेदानें त्यास असें थांबूं दिलें असतें, असें आम्हांस वाटत नाहीं.

जॅक्लीन वुडसन यांच्या ‘बिफोर द एव्हर आफ्टर’ (२०२०) या पुस्तकांतही बाप खेळाडूच आहे. अमेरिकन फुटबॉलमध्यें डोक्यास बसलेल्या मारांनीं त्याची स्मृति हळूहळू जाते, आणि मुलगा तें पाहत असतो. तें अधिक संथ आहे. मुलांपेक्षां आम्हांसच अधिक आवडलें.

उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्हीं ‘क्रॉसओव्हर’चीं कांहीं पानें मराठींत उतरवूं लागलों आणि नांवापाशींच अडलों. कबड्डी खेळणाऱ्या एका मुलानें “हुलकावणी” सुचविलें. शब्द नामी आहे, मैदानावरचा आहे. परंतु मूळ शब्दांत पलीकडे जाण्याचाही अर्थ आहे : बाळपणांतून पलीकडे, आणि या जगांतून पलीकडे. त्यांत एका भावाचें नांव जॉर्डन. पवित्र शास्त्र वाचलेल्यास यार्देनेचा पैलतीर आठवल्यावांचून राहत नाहीं, लेखकाच्या मनांत तो असो वा नसो. म्हणून आमच्या मनांत “पैलतीर” आहे. मुलें म्हणतात, तें नांव पाहून कोणी खेळाडू पुस्तकास हात लावणार नाहीं. वहींत सध्यां दोन्ही नांवें लिहिलेलीं आहेत, आणि खालीं अकरा पानें झालीं आहेत.