उंबरठ्यातला गंज

विलायतेहून परतलेल्या माणसाने लंडनचे वर्णन करावे अशी आपल्याकडे रीत आहे. ती मला पाळता येणार नाही, कारण २०२४ सालच्या उन्हाळ्यात मी तिकडे दोन महिने होतो खरा, परंतु त्यातले बहुतेक दिवस ॲबिंग्डन नावाच्या एका लहान गावी गेले. ऑक्सफर्डच्या दक्षिणेस सहा-सात मैलांवर टेम्स नदीच्या काठी हे गाव वसले आहे. माझा पुतण्या नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झाला आहे. नदीवरचा जुना दगडी पूल, सेंट हेलन देवळाचा उंच निमुळता मनोरा, मठाचे अवशेष आणि बाजाराचा चौक एवढे पाहिले की गाव पाहून होते. मग माणूस गावात राहू लागतो.

चौकात 'काउंटी हॉल' नावाची देखणी दगडी इमारत आहे. ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधली गेली. एके काळी हे गाव बार्कशायर परगण्याचे मुख्य ठाणे होते, तेव्हा येथे न्यायालय भरत असे. राजघराण्यातील राज्यारोहणासारख्या प्रसंगी या इमारतीच्या गच्चीवरून नगरपालिकेचे सभासद खाली जमलेल्या लोकांवर गोड पाव उधळतात. आता तेथे संग्रहालय आहे आणि त्यात जुन्या समारंभांतले काही पाव जतन करून ठेवलेले आहेत. शतकापूर्वीचा पाव पाहून मला आपल्या सयाजीबागेतल्या ममीची आठवण झाली. कोरड्या जागी ठेवले तर पावसुद्धा टिकतो!

त्याच संग्रहालयात एक मोटार आहे. ती या गावी तयार झालेल्या शेवटच्या 'एमजीबी' गाड्यांपैकी एक आहे. 'एमजी' ही अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' या ऑक्सफर्डच्या दुकानावरून आली. तेथील व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांना डौलदार अंग चढवून त्यांच्या धावण्यात चपळाई आणली. १९२९ साली हा कारखाना ॲबिंग्डनला पावलोवा नावाच्या चामड्याच्या कारखान्याच्या आवारात आला आणि पुढे एक्कावन्न वर्षे गावचे भोंगे, गावच्या सायकली आणि गावचा संसार त्याच्यावर चालला. १९६२ साली येथून एमजीबी ही दोन माणसांची उघडी गाडी निघाली. तिच्या सर्व प्रकारांच्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. १९८० च्या ऑक्टोबरात कारखाना बंद पडला. आज त्या जागेवर फिरताना एखाद्या रस्त्याच्या वळणावरूनच जुना आराखडा ओळखावा लागतो. जवळच 'किंबर हाउस' या घरात एमजी गाड्यांच्या शौकिनांच्या मंडळाची कचेरी आहे.

हे सर्व मी एवढ्या आस्थेने पाहिले, याला कारण पुतण्याच्या अंगणात उभी असलेली १९७२ सालची हिरवी एमजीबी. गाव पाहून त्याला गाडीची ओढ लागली होती. कित्येक वर्षे पैसे साठवून, मी जाण्याच्या महिनाभर आधी, त्याने ती एका व्यापाऱ्याकडून घेतली होती. रंग आरशासारखा चकाकत होता. बारा वर्षांची माझी चुलत नात बाबाशेजारी बसून शाळेत जाण्याची स्वप्ने पाहत होती.

शेजारी ऐंशी उलटलेले एक इंग्रज गृहस्थ राहतात. तरुणपणी त्यांनी त्या कारखान्यात जोडणीच्या रांगेवर काम केले होते. पहिल्याच रविवारी ते गाडी पाहावयास आले. रंगाचे त्यांनी काहीच केले नाही. गुडघे टेकून ते खाली बसले, खिशातले लोहचुंबक काढले आणि दाराखालच्या लांबट पट्टीवर ठेवले. ते पडले. चार बोटे पुढे ठेवले, तेथेही पडले. मग त्यांनी पुतण्याची परवानगी घेऊन स्क्रू-ड्रायव्हरचे टोक खालच्या बाजूने हलकेच दाबले. टोक आत गेले आणि तपकिरी भुगा त्यांच्या तळहातावर सांडला. आत पत्रा असा उरलाच नव्हता. जाळी कोंबून वर लांबी भरली होती आणि त्यावर तो आरशासारखा रंग दिला होता.

पुतण्याचा चेहरा पाहवेना. नात म्हणाली, "काकाआजोबा, गाडी मोडली का?"

दाराखालच्या त्या भागाला इंग्रजीत 'सिल' म्हणतात, म्हणजे उंबरठाच. आपल्या समजुतीप्रमाणे उंबरठा म्हणजे पाय ठेवून ओलांडण्याची जागा. या गाडीत मात्र सगळा भार त्याच्यावर असतो. जुन्या मोटारींना खाली भक्कम चासी असे आणि वरचे अंग तिच्यावर नुसते बसवलेले असे. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याच्या पेट्याच एकमेकींना जोडून तिचा सांगाडा केला आहे. त्यात ही उघडी गाडी, म्हणजे डोक्यावर छपराचाही आधार नाही. पुढची चाके आणि मागची चाके यांना एकत्र धरून ठेवणारे मुख्य अवयव म्हणजे दोन बाजूंचे दोन उंबरठे. ते कुजले की गाडी मधून वाकू लागते, दारे नीट लागेनाशी होतात. धडक झाल्यास काय होईल, हे निराळे सांगावयास नको.

मी शेजाऱ्यांना विचारले, "सगळी गाडी सोडून गंज नेमका येथेच का?" त्यांनी पुढच्या चाकाच्या मागची पोकळी दाखविली. चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आत जाऊन साचतो. त्याला अडविण्यासाठी एक पत्रा आणि रबराची पट्टी असते. रबर कडक होऊन फाटले की चिखल पलीकडे जातो आणि उंबरठ्याच्या तोंडाशी ओला गोळा होऊन बसतो. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू हे तिघे एकत्र आले की गंज धरतोच. त्यात तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून खनिज मीठ पसरतात. चेशायरमधील विन्सफर्डच्या खाणीतून ते मोठ्या प्रमाणावर निघते. खारट पाण्यातून सूक्ष्म विद्युत्प्रवाह सहज वाहतो आणि लोखंडाचे झिजणे पुष्कळ वेगाने होते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात तो फुगतो, सांधा उकलतो आणि उकललेल्या सांध्यात आणखी पाणी शिरते. रंगावर बारीक फोड दिसू लागतो, तेव्हा आतले काम बहुधा आटोपलेले असते. हल्लीच्या मोटारींच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, म्हणून हे दुखणे आता कमी दिसते. १९७२ च्या पत्र्याला ते कवच नव्हते.

आता प्रश्न असा की करावे काय? व्यापाऱ्याने हात वर केले. एका परिचिताने सल्ला दिला की भोक पुन्हा लांबीने बुजवावे, वर रंग मारावा आणि उन्हाळा आहे तोवर गाडी विकून मोकळे व्हावे. कायद्याचीही अडचण नव्हती. तिकडे मोटारींची दर वर्षी तपासणी होते आणि भार घेणारा भाग कुजलेला आढळला तर गाडी नापास होते. परंतु मूळ बांधणीत मोठा बदल न केलेल्या, चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना २०१८ पासून त्या सक्तीतून सूट आहे. गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावरच असते, पण दर वर्षी कोणी खाली वाकून पाहत नाही.

त्या रात्री पुतण्या बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "काका, मला जसा हा रंग दिसला, तसाच पुढच्या माणसाला दिसेल. त्याचीही मुलगी शेजारी बसेल." यावर मी काय बोलणार? फक्त त्याने पुढे जे सांगितले त्याने माझीही झोप उडाली. दुरुस्तीचा खर्च करायचा तर त्या वर्षीची दिवाळीची बडोद्याची भेट रद्द करावी लागणार होती. वहिनी त्या भेटीसाठी दिवस मोजत होत्या आणि त्यांना ही बातमी सांगण्याचे काम माझ्याकडे आले. संपूर्ण नवा सांगाडा बसविण्याचा मार्गही होता. जुन्या मूळ साच्यांवर एमजीबीचे नवे सांगाडे काढण्याचे काम ॲबिंग्डनपासून जवळच फॅरिंग्डन येथे १९८८ साली सुरू झाले होते. पण अशा सांगाड्याची किंमत त्याने गाडीला दिलेल्या किमतीहून अधिक पडत होती. शेवटी जेवढे कुजले तेवढेच कापून काढावयाचे ठरले.

गावातल्या एका वेल्डरच्या शेडमध्ये काम सुरू झाले. मी रोज सकाळी नदीकाठाने चालत जाऊन तेथे एका स्टुलावर बसत असे. पहिला दिवस नुसता टेकू देण्यात गेला. गाडी सपाट पातळीत आली पाहिजे, नाहीतर उंबरठा कापताच ती वाकते, आणि वाकलेल्या स्थितीत नवा पत्रा जोडला की ते वाकडेपण कायमचे होते. म्हणून दाराच्या चौकटीत एक लोखंडी आडकाठी तात्पुरती झाळली. दोन्ही बाजू एकदम कापल्या नाहीत. एक पुरी झाल्यावरच दुसरीला हात लावला. प्रत्येक टप्प्यावर शेजारी गृहस्थ दार लावून पाहत, दाराभोवतीची फट सर्वत्र सारखी आहे की नाही हे बोटाने चाचपत आणि मगच मान डोलावत.

बाहेरचा पत्रा निघाला तेव्हा आत ओंजळ-ओंजळ सुका चिखल निघाला. ही उंबरठ्याची पेटी तीन पदरी असते: बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा आणि आतला पत्रा. खाली एक चौकोनी पन्हळ असते. पुतण्याचा बाहेरचा पत्रा तर गेलाच होता, पण मधल्या पडद्याचाही खालचा काठ चाळणीसारखा झाला होता. वेल्डर ग्राइंडरने कापत गेला. कोठे थांबायचे, असे मी विचारले. तो म्हणाला, "पत्रा पांढरा चमकेपर्यंत." कुजक्या पत्र्यावर नवा पत्रा जोडता येत नाही, कारण वेल्डिंगचा टाका धरायला खाली सकस लोखंड लागते. चार बोटांचे भोक हातभर झाले. पुतण्या पाहत होता, पण त्याने "पुरे" म्हटले नाही.

नवे तुकडे बसले, टाके घासले गेले, जस्ताचा लेप आणि रंग चढला. शेवटी लांब नळीने पेटीच्या आत पातळ मेण फवारले, तेव्हा ते सांध्यासांध्यांतून पाझरून बाहेर आले. ते पाहून शेजारी गृहस्थ प्रथमच हसले. मग त्यांनी एक बारीक तार घेतली आणि खालची पाणी निथळण्याची भोके मेणाने बुजली नाहीत ना, हे एकेक करून तपासले. मला म्हणाले, "पाणी आत जाणारच. त्याला बाहेर पडायला वाट ठेवा, म्हणजे झाले."

जूनच्या अखेरीस एका संध्याकाळी नातीला शेजारी बसवून पुतण्याने गाडी पुलावरून नेली. दार लागल्याचा आवाज मला अजून आठवतो. तो घट्ट, एकाच ठोक्याचा होता.

मी परत आलो. वहिनींना दिवाळीचे सांगितले. त्या रागावल्या नाहीत, "बरं" म्हणून आत गेल्या. ते मला जास्त लागले. नंतर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला. त्याचे वर्णन बडोदेकर वाचकांना मी काय सांगावे! वहिनींच्या आवारात कमरेएवढे पाणी होते आणि शेडमध्ये माझ्या थोरल्या भावाची १९७८ ची पद्मिनी उभी होती. भाऊ गेल्यापासून ती फारशी चालत नसे, पण वहिनी दर दसऱ्याला तिला हार घालतात. पाणी ओसरल्यावर गॅरेजवाल्याने बाहेरून धुऊन, पुसून, "आता काळजी नाही" असे सांगितले.

रात्री पुतण्याचा फोन आला. म्हणाला, "काका, बाहेरून पाहू नका. आतल्या चटया काढा, तळाची रबरी बुचे काढा. दारांच्या खालच्या कडेची भोके तारेने मोकळी करा. उंबरठ्यात पाण्याचा पाइप सोडून चिखल वाहून जाऊ द्या, मग दारे उघडी ठेवून आठ दिवस वाळू द्या." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे म्हातारे तार घेऊन बसलो. पहिलेच भोक मोकळे झाले आणि दारातून गढूळ पाण्याची धार लागली. पुरानंतर चार दिवसांनीसुद्धा एवढे पाणी आत होते! वहिनी ती धार थांबेपर्यंत पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या गाडीवर त्याने उगाच खर्च केला नाही म्हणायचा." आणि पुढच्या दाराकडे वळल्या.