आईची सुट्टी, १६४६ मीटरवर

इंजिनिअरिंगला आल्यापासून 'सुट्टी' या शब्दाचा अर्थ आपल्याला पक्का कळलाय. सबमिशन झालं, व्हायवा झाली, पेपर दिले की सुट्टी. मेसच्या आमटीपासूनसुद्धा सुटका! पण आईचं सेमिस्टर कधी संपतं हो?

आमच्या घरी ट्रिप म्हणजे बाबांची गाडी, दादाचा कॅमेरा आणि आईचा डबा. आम्ही सहाला उठणार, ती चारला. थालीपीठं, चटणी, औषधं, टॉवेल, सगळं तिच्याकडे. आणि एकदा पोचलो की तिचं ठरलेलं वाक्य, "तुम्ही जाऊन या, मी बसते सामानापाशी." पन्हाळा असो की माथेरान, तिने सगळं सामानापाशी बसून पाहिलंय.

डिसेंबर २०२४ मध्ये बाबांनी कळसूबाईचा बेत केला. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही हे 'वेस्टर्न घाट्स'च्या धड्यात इंग्रजीतून घोकलं होतं. 'वेस्टर्न घाट्स' म्हणजेच आपला सह्याद्री, हा साक्षात्कार मला बराच उशिरा झाला! हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं.

नाशिकहून घोटीमार्गे आम्ही पायथ्याच्या बारी गावात पोचलो. ज्यांना वर चढणं जमत नाही त्यांच्यासाठी पायथ्याशीही देवीचं मंदिर आहे. बाबा म्हणाले, "तू इथंच दर्शन घे, उगाच गुडघे दुखतील." आईने सवयीने बॅग मांडीवर घेतली.

शेजारी एक मावशी दम खात बसल्या होत्या. वर त्यांचा सरबताचा ठेला. लिंबं, साखर, पाणी, सगळं डोक्यावरून न्यायचं. आईने विचारलं, "रोज चढता?" त्या हसल्या. "न चढून काय करता! तुमी एक डाव तरी या की." मग त्यांनी देवीची गोष्ट सांगितली. कळसू नावाची मुलगी पाटलाकडे कामाला होती. तिची अट एकच, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एक दिवस तिला तेच करायला लावलं. ती सगळं सोडून डोंगरावर निघून गेली, ती कायमचीच. जिथे भांडी घासली ते थाळेमेळ आणि केर टाकला तो काळदरा, असं लोक सांगतात.

आई जरा वेळ गप्प बसली. मग उठली, बॅग डिकीत ठेवली, डिकी धाडकन लावली आणि म्हणाली, "चला."

पुढचे तीन तास बाबा धापा टाकत मागे आणि आई मावशींशी गप्पा मारत पुढे! उभ्या कातळावर लोखंडी शिड्या आहेत. तिथे दादाचे पाय लटपटले. आईने पदर खोचला आणि एकदाही खाली न बघता चढून गेली. लग्नाआधी ती सप्तशृंगी गडावर पायी जायची म्हणे. वीस वर्षांत हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

माथ्यावर देवीचं इवलंसं देऊळ आहे. एका बाजूला अलंग, मदन, कुलंग, खाली भंडारदऱ्याचं पाणी. आई अर्धा तास नुसती बसून होती. हातात ना पिशवी, ना डबा, ना कुणाचा स्वेटर. तिचे हात असे रिकामे मी पहिल्यांदाच बघत होते.

उतरताना मावशींच्या ठेल्यावर पिठलं-भाकरी खाल्ली. आयतं जेवण! आई दोन भाकऱ्या जास्त जेवली. मग सवयीने ताटली घासायला उठली, तर मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ताई, या डोंगरावर भांडी घासाया नाय लावत कुनाला." सगळे हसलो. पण मग त्या ताटल्या घासणार कोण? मावशीच ना! आईला मिळालेली सुट्टी दुसऱ्या एका बाईच्या कष्टांवर उभी होती, आणि त्या बाईला सुट्टी कोण देणार? दादाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघं उठलो. पाच ताटल्या, पाच मिनिटं. घरीसुद्धा तेवढीच लागतात.

एक गोष्ट मात्र खटकली. वाटेत जागोजागी वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या. केर काढणार नाही म्हणून जी घर सोडून आली, तिच्याच दारात आपण केर टाकतो. शिकल्यासवरल्यांनी तरी निदान आपला कचरा आपल्या सॅकमधून परत आणावा.

तर मित्रांनो, पुढच्या सुट्टीत ट्रेक ठरवाल तेव्हा टॉर्च घ्या, पाणी घ्या, चांगले शूज घ्या. आणि एकदा तरी आईला न्या. डब्याची काळजी नको. आमचा डबा दिवसभर डिकीतच राहिला होता. रात्री घरी पोचल्यावर ती थालीपीठं बाबांनी गरम केली. थोडी करपली, पण आई म्हणाली, "छान झालीत."