गाडी ठेवून जाताना

एप्रिल उजाडला की आमच्या गॅरेजमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो : "कव्हर खयचा घेव?" विचारणारा कोणी बोटीवर निघालेला असतो, सहा-नऊ महिन्यांच्या करारावर. कोणी निवृत्त जोडपं मुलाकडे अमेरिकेला चाललेलं असतं. गाडी समुद्राकाठच्या तोंडवलीतल्या घरी, माडांखाली, पुढच्या दिवाळीपर्यंत उभी राहणार असते. मी कव्हराचं उत्तर लगेच देत नाही. आधी आरसी बुक बघायला मागतो.

कारण गाडीचं पासिंग आणि गाडीची साठवण ही दोन वेगळी कामं आहेत असं मी मानत नाही. आरटीओचा निरीक्षक ब्रेक बघतो, हँडब्रेक, टायर, दिवे, वायपर बघतो, चेसिस नंबर पडताळतो. खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या गाडीत नेमक्या याच गोष्टी सगळ्यांत आधी बिघडतात. म्हणून तपासणीला न्यावी तशी गाडी तयार करायची आणि मगच ती झाकायची. "आल्यावर बघू" म्हणणाऱ्याला तेच काम दुप्पट-तिप्पट खर्चात करावं लागतं, हे मी दरवर्षी बघतो.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती दर वेळी 5 वर्षांनी वाढते. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीच्या पहिल्या नूतनीकरणाचं शुल्क 5 हजार रुपये झालं, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो आणि उशीर झाला की दरमहा वेगळा आकार चढतो. पण खरी अडचण पैशांची नसते. नमुना 25 मधला अर्ज मुदत संपण्याच्या आधी फार तर 60 दिवस करता येतो. नोंदणी ऑगस्टमध्ये संपते आणि मालक एप्रिलमध्ये निघतो, अशा वेळी निघताना अर्ज घेतला जात नाही आणि परत येईपर्यंत मुदत उलटून गेलेली असते. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणायला कायद्याची परवानगी नाही. मग ती ओरोसच्या आरटीओ कार्यालयापर्यंत नेणार कशी? टोईंग करून.

बोटीवरच्या इंजिनिअरांना हे समजावावं लागत नाही. जहाजाच्या सर्व्हेच्या तारखा त्यांच्या अंगात मुरलेल्या असतात. आमचे असे एक गिऱ्हाईक करारावर सही करण्याआधी आरसीची तारीख बघतात आणि सुट्टी त्या बेतानं मागून घेतात. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी नियमात वाट आहे : मालकाच्या वतीनं दुसऱ्यालाही अर्ज करता येतो. मात्र ऑनलाइन अर्जाचा ओटीपी मालकाच्या नोंदलेल्या मोबाईलवर येतो आणि तो मोबाईल भर समुद्रात बंद असतो. तेव्हा घरात चालू राहणारा नंबर निघण्याआधी आरसीला जोडून घ्या. टुरिस्ट परवान्याच्या गाड्यांचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी असतं. त्यांचे मालक सहसा तारीख विसरत नाहीत.

चेसिस नंबराबद्दल थोडं सविस्तर सांगतो. तपासणीच्या वेळी या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घेतात. किनाऱ्यावरच्या गाड्यांत तिथे गंज धरतो, पत्र्याचे पापुद्रे सुटतात आणि आकडे उमटतच नाहीत. पुढे ही गाडी तीच आहे हे सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते. निघण्याआधी ती जागा मऊ ब्रशनं साफ करून तिच्यावर ग्रीसचा जाड हात फिरवला तर एवढा त्रास टळतो. हे काम मी न विचारता करतो.

आता हवेकडे येतो. तोंडवली-तळाशीलची पट्टी म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी. जूनपासून नैर्ऋत्येचा वारा लाटांचे तुषार उडवतो आणि त्यांतलं मीठ पत्र्यावर बसतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून पाणी ओढून घेतं. म्हणजे पाऊस थांबला, ऊन पडलं तरी पत्र्यावर न दिसणारा खारट ओलावा राहतो आणि गंजाचं काम चालूच राहतं. किनाऱ्यापासून आत जाल तसं हे मीठ झपाट्यानं कमी होतं, पहिल्या काही शे मीटरांतच पुष्कळ फरक पडतो. म्हणून माझा पहिला सल्ला खर्चाचा नाही, ओळखीचा आहे. मसुऱ्याला किंवा कट्ट्याला नातेवाईक असतील, त्यांच्याकडे चिऱ्याची भिंत आणि सिमेंटची जमीन असलेली शेड असेल, तर गाडी तिथे ठेवा.

ते शक्य नसेल तर आपल्या गावच्या होड्या बघा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होडी वाळूवरून उचलून ओंडक्यांवर घेतात, आत पाणी साचू नये म्हणून तळाचं बूच काढून ठेवतात आणि वर झापांचं छप्पर असं घालतात की पाऊस आत येत नाही पण वारा खेळतो. गाडीलाही हेच हवं. दारांच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती पाचोळ्यानं बुजतात, ती मोकळी करा. काचेखालच्या जाळीतला आंब्या-फणसाचा पाला काढा. अंगाला घट्ट गुंडाळलेली प्लॅस्टिकची ताडपत्री नको, तिच्या आत गाडी घामेजून राहते. हवा जाऊ देणारं कापडी कव्हर घ्या आणि तेही छपराखालीच वापरा. झाकण्याआधी खालची बाजू गोड्या पाण्यानं धुवा. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ लागत असेल तर ते वापरू नका.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. दमट हवेत ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकूड लावा. टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरा. इंजिन ऑइल जाण्याआधी बदला, कारण जुन्या ऑइलमधली आम्लं आतल्या धातूला खात राहतात. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरा. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. टाकीत हवेला जागाच ठेवली नाही तर ही भीती कमी होते. बॅटरी पूर्ण चार्ज करून काढून ठेवा. मोजमापात ती 12.6 व्होल्टच्या आसपास असावी आणि घरच्या माणसानं ती महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज करावी. बॅटरी काढल्यावर रिमोट चालत नाही, म्हणून किल्लीचं साधं पातं दाराच्या कुलपात फिरतंय की नाही हे आधीच बघा.

आणि उंदीर. भाताची पोती, काजूच्या बिया, सुकवलेली सोलं त्याच शेडमध्ये असतील तर बॉनेटखालच्या वायरी कुरतडल्या जाणार हे धरूनच चाला. धान्य दुसरीकडे हलवणं हा मला माहीत असलेला सगळ्यांत खात्रीचा उपाय आहे.

शेजाऱ्याला चावी देऊन "आठवड्यानं पाच मिनिटं सुरू कर" असं सांगायची पद्धत मला पटत नाही. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचतं आणि बॅटरीतून गेलेलं भरून निघत नाही. एक तर भरवशाच्या माणसानं पंधरवड्यातून एकदा मालवणपर्यंत गाडी नेऊन आणावी, नाहीतर तिला हातच लावू नये. रस्त्यावर न्यायची तर विमा चालू हवा. उभ्या गाडीला विमा कशाला, असंही लोक विचारतात. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं आणि माड-आंबे आडवे झाले. झाड पडून झालेलं नुकसान नुसत्या थर्ड पार्टी विम्यात मिळत नाही. शिवाय विमा संपून 90 दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनस जातो, जो 50 टक्क्यांपर्यंत असू शकतो.

परत आल्यावर घाई करू नका. बॅटरी जोडण्याआधी बॉनेट उघडून वायरी आणि होज नीट बघा. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, ते तपासून घ्या. गाडी खळ्यातच चार हात पुढे-मागे करा, ब्रेक धरतो आणि सुटतो याची खात्री करा. पीयूसी बहुधा संपलेलं असेल : बीएस-4 आणि बीएस-6 गाड्यांना ते वर्षाचं मिळतं, त्याहून जुन्यांना सहा महिन्यांचं. पहिली फेरी पीयूसी केंद्रापर्यंतच करा, मुंबईचा रस्ता त्यानंतर धरा.