राग कोणाच्या दरबारी न्यावा?

पापनिवेदनाला येणारी माणसे आपली यादी सांगताना 'फादर, मला राग येतो' हे वाक्य त्यात हमखास घालतात. हे लिहिल्याने कुणाचे गुपित फुटत नाही, कारण ते साऱ्यांचेच आहे. त्यातला बराचसा राग घरातला, भाऊबंदकीतला, बांधावरचा. त्याविषयी आजवर पुष्कळ प्रवचने झाली आहेत. पण एक राग निराळा असतो. दुबळ्याची जमीन लाटली जाते, लहानग्यावर अत्याचार होतो, मजुराची मजुरी बुडवली जाते, आणि ते पाहून रक्त उसळते. हाही राग श्रद्धावंत माणसे पाप म्हणून सांगतात. तेव्हा नेमकी क्षमा कशाची द्यावी, असा प्रश्न आम्हांस पडतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिआ' ग्रंथात क्रोधाचा स्वतंत्र विचार केला आहे. गुरुविद्यालयात तो भाग शिकताना आम्हां विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटले होते, कारण क्रोध विवेकाच्या आज्ञेत असेल तर तो स्तुत्य होय, आणि जिथे राग यायला हवा तिथे तो न येणे हाही दोष असू शकतो, असे ते म्हणतात. संत मार्कच्या शुभवर्तमानातील तिसरा अध्याय पाहावा. शब्बाथ दिवशी सभास्थानात हात वाळलेला एक मनुष्य आहे आणि भोवतालचे लोक त्याच्या दुःखापेक्षा नियमभंगाच्या शोधात आहेत. प्रभू त्यांच्याकडे रागाने पाहतो, आणि त्यांच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे खिन्नही होतो. राग आणि खिन्नता एकाच दृष्टीत आहेत, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. पुढे प्रभू काय करतो? तो कुणावर हात उगारत नाही, त्या माणसाचा हात बरा करतो.

आपला राग मात्र बहुधा नको तिथे निघतो. रात्रीच्या बातम्या पाहून पेटलेला गृहस्थ जेवणाच्या ताटावरून पत्नीला बोलतो. ज्याने अन्याय केला त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. दुसरा, अन्याय करणाऱ्याच्या साऱ्या जातीला, साऱ्या धर्माला शिव्या घालून मोकळा होतो. हे पाप खरे.

इस्राएली लोकांनी आपला राग देवाच्या दरबारी नेला. स्तोत्रसंहितेत अशी स्तोत्रे आहेत की ती मोठ्याने वाचताना जीभ अडखळावी. 109व्या स्तोत्रात शत्रूच्या मुलाबाळांचेही वाईट चिंतिले आहे. 1971 साली नवी दैनिक प्रार्थना प्रसिद्ध झाली तेव्हा 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रे त्यातून पूर्णपणे गाळली गेली. 137व्या स्तोत्राची अखेरची कठोर कडवीही गेली. वाचणाऱ्याच्या मनाला ती जड जातात, हे त्याचे कारण. धर्मसभेचा निर्णय आम्हांस शिरोधार्य आहे. तरीही, ज्या बाईचे घर कुणी पेटवून दिले, तिच्या हाती 109वे स्तोत्र द्यायला आम्ही कचरणार नाही. स्तोत्रकर्ता शिव्याशाप देतो, पण ते देवाला ऐकवतो. सूड स्वतःच्या हातात ठेवत नाही. मनातले विष देवापुढे ओतून झाले की मग शेजाऱ्याशी बोलता येते. देवापुढे सभ्यपणाचे सोंग घेणाऱ्याचे विष मात्र आतच मुरते.

आणि देवाशी बोलून झाल्यावर? तेव्हा आम्हांस सिस्टर राणी मारिया आठवतात. केरळातील ही फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट भगिनी मध्य प्रदेशातील उदयनगर येथे आदिवासींमध्ये काम करीत होती. सावकारांच्या पाशात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेली कुटुंबे तिने पाहिली. तिने सावकारांच्या दारात जाऊन आरडाओरडा केला नाही. लोकांना बँकेचे कर्ज कसे मिळवावे, सरकारी योजनांचा लाभ कसा घ्यावा, हक्क कसा मागावा, हे ती शिकवीत राहिली. ज्याला आपण कंटाळवाणे कागदी काम म्हणतो, त्यात तिचा राग जिरत होता. म्हणूनच तो सावकारांना झोंबला. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, समंदरसिंग नावाच्या तरुणाने तिला भोसकून ठार केले.

त्याला जन्मठेप झाली. 2002 साली राणी मारियाची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. क्षमा झाली म्हणून खून पुसला गेला, असे मात्र कुणी म्हटले नाही. शिक्षा त्याने अकरा वर्षे भोगली, आणि त्याच्या सुटकेच्या अर्जाला तिच्या घरच्यांनीही संमती दिली. सावकारी अन्याय्य होती ती अन्याय्यच राहिली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे राणी मारियास धन्यवादित घोषित करण्यात आले, त्या सोहळ्याला समंदरसिंग हजर होता.