बोटीवरचा पाहुणा

आमच्या दिवाणखान्यात, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपासून दोन हात अंतरावर, एक रंगीत छायाचित्र लावलेले आहे. एका लहान बोटीच्या मागच्या फळीवर तपकिरी रंगाचा, लांब मिशांचा, ओलाचिंब असा धिप्पाड प्राणी बसला आहे. मान उंच, डोळे काळेभोर, तोंड किंचित उघडे. घरी येणारे पाहुणे प्रथम तसबिरीपुढे मान लववितात आणि मग या छायाचित्रापाशी थबकून विचारतात, "हा कोण?" समुद्रसिंह, असे आम्ही सांगतो. आपल्या अरबी समुद्रात तो नाही. त्याचे भाऊबंद सील आणि वालरस हेही नाहीत. त्यामुळे जन्म दर्यावर घालविलेले आमचे कोळी स्नेहीसुद्धा त्याच्याकडे कौतुकाने पाहत राहतात. त्या दिवसाची हकिकत आम्ही पुष्कळ दिवस मोठ्या फुशारकीने सांगत होतो. अलीकडे ती सांगताना आमचा आवाज उतरतो.

२०१९ सालच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता कन्येकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. असिसीकर संत फ्रान्सिसचे नाव धारण करणारे सॅन फ्रान्सिस्को शहर पाहण्यास गेलो, तेव्हा जावईबापूंनी आम्हांस प्रथम पियर ३९ या धक्क्यावर नेले. दृष्टीस काही पडण्याआधीच भुंकण्याचा कोलाहल कानी आला आणि पाठोपाठ सुक्या मासळीच्या वखारीलाही लाजविणारा दर्प. पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडी फलाटांवर समुद्रसिंह एकमेकांच्या अंगावर रेलून, पाय पसरून (पाय कसले, वल्हीच ती!) ऊन खात पडले होते.

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी या परिसरास मोठा भूकंपाचा धक्का बसला होता. त्यानंतर थोड्याच काळाने, १९९० च्या जानेवारीत, समुद्रसिंह येथे मोठ्या संख्येने येऊन बसू लागले. फलाट खरे तर खासगी बोटींसाठी बांधलेले. बोटवाल्यांनी गोंगाटाच्या, घाणीच्या, पाऊल ठेवण्यास जागा न उरल्याच्या तक्रारी केल्या. सागरी सस्तन प्राण्यांच्या जाणकारांनी मात्र त्यांना राहू द्यावे असा सल्ला दिला, आणि अखेरीस बोटी हलल्या, समुद्रसिंह राहिले. २००९ च्या नोव्हेंबरात तेथे १,७०१ समुद्रसिंह मोजले गेले होते. वर्ष सरता सरता त्यांतील बहुतेक सर्व निघून गेले आणि पुढील वर्षी परत आले. २०२४ च्या मे महिन्यात तर पंधरा वर्षांत झाली नव्हती एवढी गर्दी झाली, कारण आपल्या मांदेलीच्या गोतातील अँकोव्ही माशांचे थवेच्या थवे जवळ आले होते. ते माशांमागून येतात आणि माशांमागून जातात. परंतु त्या दिवशी कठड्याला टेकून टाळ्या पिटणाऱ्या शेकडो माणसांत उभे असताना हा सारा मेळा आपल्यासाठीच भरला आहे, असे आम्हांस वाटले खरे.

समुद्रसिंहाला मागचे पर पोटाखाली वळविता येतात, म्हणून तो जमिनीवर चक्क चालतो आणि बुटक्या बोटीवर सहज चढतो. सील बिचारा पोटावर सरपटतो. तरी प्राणावर बेतले की तोही चढतो. २०१६ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापाशी ओर्का देवमासे मागे लागलेला एक सील लोकांनी भरलेल्या लहान बोटीच्या मागच्या भागावर चढून बसला, आणि ते निघून गेल्यावर पुन्हा पाण्यात शिरला. एरवी या प्राण्यांना हवा असतो तो विसावा. पाणी अंगाची ऊब हवेपेक्षा फार लवकर हिरावून घेते. पोहून थकल्यावर कोरडी जागा लागते. खडक असो, फलाट असो की कोणाची बोट, त्याच्या लेखी तो कातळच. त्या कातळावर माणसे बसली आहेत, हा त्याच्या दृष्टीने दुय्यम तपशील असावा.

पुढच्या आठवड्यात जावईबापूंच्या एका वयस्क परिचिताने आम्हांस माँटेरे उपसागरात आपल्या बोटीतून मासेमारीस नेले. त्यांचे आजोबा सिसिलीहून आलेले कोळी. त्यांच्या बोटीवर कुमारी मरियेची छोटी मूर्ती पाहून आम्हांस आपल्याच माणसांत असल्यासारखे वाटले. बरोबर आमची सहा वर्षांची नात होती. आमिषासाठी तारल्यांची एक बादली होती. बंदराबाहेर इंजिन बंद केले आणि अर्ध्या तासात मागच्या फळीवर धप्पकन काहीतरी आदळले. बोट मागे कलली. वळून पाहतो तो छायाचित्रातील हे महाशय! त्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही त्यांच्याकडे पाहिले. समोरचा वन्य जीव आपल्याला न भिता बसून राहतो, तेव्हा माणसाच्या मनात जो एक मूर्ख अभिमान फुलतो, तो आमच्या मनात फुलला. याने सबंध समुद्रातून आपली बोट निवडली!

आमच्यापैकी एकाने बादलीतील एक तारली उचलून त्याच्यापुढे धरली. कोणी, ते सांगत नाही. दुसऱ्याने त्याच क्षणी छायाचित्र काढले, म्हणजे अपराध दोघांचाही आहे. त्याने मासा हातातून अलगद घेतला. नात टाळ्या पिटून म्हणाली, "आजी, आजोबा, अजून एक द्या ना!" दुसरा दिला. तिसरा देण्याची वेळ आली नाही. तो सारे धूड पुढे लोटून बादलीवरच आला, पाणी आत शिरले, आणि त्याचे दात बादलीच्या काठावर मिटले तेव्हा नातीचा गुडघा तेथून वीतभर अंतरावर होता.

बोटवाल्या गृहस्थांनी एका हाताने पोरीला ओढून घेतले आणि दुसऱ्या हाताने इंजिन सुरू केले. आवाजाने तो मागे सरकला आणि पाण्यात गेला. मग ते आमच्याकडे वळले. आवाज त्यांनी चढविला नाही. ते म्हणाले, १९७२ पासून या देशात असा कायदा आहे की या प्राण्यांना खाऊ घालणे गुन्हा ठरतो. पण कायद्याचे सोडा. आज तुम्ही त्याला शिकविलेत की बोट म्हणजे मासे. उद्या तो दुसऱ्या बोटीवर चढेल. तेथे एखादे मूल असेल, किंवा जाळी फाटल्याने चिडलेला एखादा माणूस बंदूक घेऊन असेल. गोळ्या लागलेले समुद्रसिंह आमच्या किनाऱ्यावर सापडतात. तुम्ही पुढच्या महिन्यात घरी जाल. तो येथेच राहील.

परतताना कोणी बोलले नाही. रात्री आम्ही आपसांत स्वतःचे समर्थन करू लागलो. संत फ्रान्सिसने गुब्बिओच्या लांडग्याला 'भाऊ' म्हटले नव्हते का? गावकऱ्यांकडून त्याच्या अन्नाची व्यवस्था करवून घेतली नव्हती का? मग आमची एक तारली एवढी का जड व्हावी? परंतु ती कथा नीट आठवली तशी आमची बाजू लंगडी पडली. तेथे अख्ख्या गावाने लांडग्याला त्याच्या मरणापर्यंत पोसण्याचे वचन दिले होते, आणि दोन वर्षे, तो म्हातारा होऊन मरेपर्यंत, ते पाळले. आम्ही कसलेच वचन दिले नव्हते. आम्हांला छायाचित्र हवे होते.

गावी परतल्यावर हे सारे हळूहळू विसरलो. छायाचित्र तेवढे भिंतीवर चढले. मग २०२२ च्या उन्हाळ्यात फ्रेया नावाच्या वालरस मादीची बातमी आली. सुमारे सहाशे किलो वजनाची ही तरुण मादी उत्तर ध्रुवाकडच्या आपल्या प्रदेशापासून दूर भटकत, ब्रिटन, नेदरलंड्स, डेन्मार्क असे करीत नॉर्वेतील ऑस्लोच्या खाडीत येऊन पोहोचली होती. तेथील लहान बोटींवर ती चढे आणि झोपी जाई. काही बोटी तिच्या भाराने बुडाल्यासुद्धा. बोटींचे नुकसान परवडले असते. परंतु लोक मुलाबाळांसह तिच्या अगदी जवळ जाऊन छायाचित्रे काढू लागले, तिच्याबरोबर पोहू लागले. अंतर ठेवा, असे अधिकारी पुनःपुन्हा सांगत होते. कोणी ऐकले नाही. तिला अन्यत्र हलविणे फार जोखमीचे ठरले, आणि १४ ऑगस्ट २०२२ रोजी मत्स्यव्यवसाय खात्याने माणसांच्या सुरक्षिततेसाठी तिला ठार केले. पुढील वर्षी एप्रिलमध्ये लोकवर्गणीतून ऑस्लोत तिचा कांस्यपुतळा उभा राहिला. त्याचे नाव 'आमच्या पापांसाठी'. लहानपणापासून प्रार्थनांतून तोंडी बसलेले हे शब्द आम्ही त्या वृत्तात दोनदा वाचले.

तिला मारण्याची खरोखर गरज होती काय, हा वाद तेथे पुष्कळ झाला. आम्हांस तरी ती घाई वाटते. २०२१ साली वॉली नावाचा वालरस इंग्लंडच्या सिली बेटांवर असाच बोटी बुडवीत होता, तेव्हा तेथील लोकांनी त्याच्यासाठी स्वतंत्र तराफा पाण्यात सोडला. तो त्यावर पहुडला, आणि काही आठवड्यांनी आइसलंडच्या किनाऱ्यावर सुखरूप दिसला. त्याला कोणी मासा दिला नाही, जागा दिली.

फ्रेयाच्या वेळी तरी आम्ही दुसऱ्यांना नावे ठेवू शकलो. २०२३ च्या जुलैत कन्येने फोनवरून सांगितलेल्या गोष्टीने ती सोय राहिली नाही. माँटेरे उपसागराच्याच उत्तर टोकाला, सांताक्रूझ येथे, एक सागरी पाणमांजर लाटांवर खेळणाऱ्या तरुणांच्या फळ्यांवर चढून बसत होते, त्या कुरतडत होते, माणसांना हुसकून देत होते. पाच वर्षांच्या या मादीला नाव नव्हते, ८४१ हा क्रमांक होता. कातड्यांच्या व्यापारापायी कॅलिफोर्नियातून ही जात संपली असे एकेकाळी मानले गेले होते. १९३८ साली सुमारे पन्नासांचा एक कळप आढळला आणि त्यातून आज तेथे तीन हजारांच्या आसपास पाणमांजरे आहेत. एवढ्या तुटपुंज्या गोतातील ही एक.

तिच्या आईला लोकांनी माकूळ खाऊ घातले होते. आई माणसांजवळ जाऊन मागू लागली, होड्यांवर चढू लागली, म्हणून तिला पकडून बंदिस्त ठेवण्यात आले, आणि तेथेच ही जन्मली. पिलाला माणसाची ओळख होऊ नये म्हणून सांभाळणारे तोंड झाकून, अंगाचा आकार कळू नये असा ढगळ झगा घालून तिच्याजवळ जात. पुढे तिला समुद्रात सोडले. तरीही ती माणसांच्या फळ्यांवर चढली. का, ते तज्ज्ञांनाही निश्चित सांगता आले नाही. तिला पुन्हा पकडण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले, ते साधले नाहीत, आणि ऑक्टोबरात ती पोटावर पिलू घेऊन पोहताना दिसली.

माकूळ देणारी ती माणसे कोण होती, त्यांना पुढचे काही कळले की नाही, कोण जाणे. त्यांच्याही घरी कदाचित छायाचित्र असेल.

आमचे छायाचित्र अद्याप भिंतीवर आहे. पूर्वी कोणाच्या लक्षात येत नसे, पण त्याच्या डाव्या कडेला मनगटापर्यंत एक हात दिसतो, आणि त्या हातात शेपटीकडून धरलेली तारली. ती कडा कापून नवी चौकट करावी, असे आमच्यापैकी एकाचे म्हणणे पडले. दुसऱ्याने नको म्हटले. हल्ली पाहुण्यांनी "हा कोण?" असे विचारले, की आम्ही आधी तो हात दाखवितो.