पोप दमासस आणि आमच्या म्हाताऱ्या

चौथ्या शतकातले पोप दमासस. ३६६ साली त्यांची निवड झाली तीच हाणामारीत; माणसे मेली. साधुपुरुष म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण बायबलच्या लॅटिन प्रतींचा एकमेकींशी मेळ नव्हता, सामान्यांना ग्रीक येत नव्हते. तेव्हा शुभवर्तमाने नीट करण्याचे काम त्यांनी जेरोमकडे सोपवले.

आपल्या नागदेवाचार्यांनीही चक्रधरांमागे पंथ सांभाळताना केशिराजांना संस्कृतात लिहू नका म्हटले. का? म्हाताऱ्या वंचित राहतील! माझी गंगाखेडची आजी अंगठेबहाद्दर, पण जनाबाई तोंडपाठ.

अमेरिकेतली नात मराठी बोलते, वाचत नाही. तिला फोनवर रोज एक अभंग वाचून दाखवतो. परवा विचारते, "आबा, जातं म्हणजे काय?" आता ते फोनवरून कसे दाखवू?