पिल्लाचे दात आणि घराचा बंदोबस्त

फाल्गुन लागला की माझ्या दवाखान्यात एकच फिर्याद निरनिराळ्या मुखांनी येऊ लागते. कुणाची कोल्हापुरी चप्पल, कुणाच्या दिवाणाचा पाया, कुणाच्या मुलाचे बीजगणिताचे पुस्तक, असा घरातला ऐवज फस्त करणाऱ्या पिल्लाला काखोटीला मारून लोक येतात आणि "डॉक्टरसाहेब, याला काहीतरी औषध द्या," म्हणून काकुळतीने विनवतात. हाच महिना का, याचे कारण भाद्रपदात आहे. माझा दवाखाना आहे त्या काशीगावच्या जुन्या बोळांत काय किंवा नव्या गृहसंकुलांच्या फाटकांशी काय, आपल्या गावठी कुत्र्यांचा समागम बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस होतो, सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, कुत्री विते, आणि त्या वेतातले एखादे पिल्लू, मुलांच्या हट्टापायी म्हणा की घरच्यांच्या भूतदयेपायी म्हणा, हिवाळ्यात माणसांच्या आश्रयाला येते. ते फाल्गुनात चार महिन्यांचे होते आणि नेमके तेव्हाच त्याचे दुधाचे दात पडू लागतात.

पिल्लाला दुधाचे दात २८ असतात, कायमचे ४२ येतात, आणि ही सारी अदलाबदल साधारणतः सातव्या महिन्यापर्यंत उरकते. ओठ अलगद वर करून पाहावे, म्हणजे पुढच्या इवल्या दातांच्या जागी रुंद, शुभ्र, त्रिदली कंगोऱ्याचे नवे दात डोकावताना दिसतात, मागची हिरडी लाल होऊन फुगलेली असते, आणि सुईसारखा अणकुचीदार सुळा बोटाच्या स्पर्शानेही डुलतो, कारण खालून येणाऱ्या दाताच्या दाबाने त्याचे मूळ झिजून गेलेले असते. क्वचित जुना सुळा जागा सोडीत नाही आणि नवा त्याला खेटून उगवतो. असे जोडसुळे दिसल्यास जुना काढवून घ्यावा, नाहीतर जबड्याची ठेवण बिघडते. या ठणकत्या हिरड्यांना दाब हवा असतो, आणि दाताखाली किंचित नमणारे, शिवाय धन्याच्या पायाचा परिचित गंध असलेले चामडे त्यांना प्रिय वाटावे, यात नवल ते काय? जी शरीराची निकड आहे तिला खोडी समजून तिच्यावर शिक्षेचा इलाज करणे मला सर्वस्वी अन्यायाचे वाटते.

"पण त्याला कळतं हो, आम्ही आलो की कशी मान खाली घालतो!" ही कैफियत मी नेहमी ऐकतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन विदुषीने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही समजूत तपासून पाहिली. मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याची खबर मालकाला कधी खरी, कधी खोटी देण्यात आली, आणि दिसून आले ते हे की, कुत्र्याची ती अपराधी मुद्रा त्याच्या कृत्यावर अवलंबून नसून मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होती. इतकेच नव्हे, तर खाऊला तोंडही न लावता ज्यांना बोलणी खावी लागली, त्यांच्या ठायी ती अधिकच ठळक उमटली. तेव्हा संध्याकाळी कामावरून परतून सकाळच्या चपलेबद्दल पिल्लाला मारणे म्हणजे त्याला आपल्या घरी येण्याचेच भय शिकवणे होय.

मग करावे काय? चपला कपाटात, पुस्तके उंचावर आणि पिल्लू एकटे असताना एका निर्धोक खोलीत, हा पहिला बंदोबस्त. ओला करून, गाठ मारून बर्फाच्या खणात गोठवलेला पंचा किंवा थंड, जाड गाजर नजरेसमोर चघळू द्यावे. शिजवलेले हाड मात्र कदापि देऊ नये, त्याच्या कपच्या आतड्याला भोसकतात. त्याने वाहण धरलीच तर ओढाताण न करता तिच्या बदल्यात दुसरी चघळण्याजोगी वस्तू पुढे करावी. कुरतडण्यापेक्षा गिळण्याचे भय मोठे. मोजा पोटात गेला की आतडे तुंबते, वारंवार ओकारी होते, अन्न तुटते. तोंडातून वा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये, आत आतडे चिरत जाते, थेट दवाखाना गाठावा. सणाच्या दिवसांत थोराड पिल्लू घरात असेल तर रोषणाईच्या माळांची वायर, लाडवातले बेदाणे आणि चॉकलेट यांवर विशेष नजर हवी. बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि विजेचा झटका बसलेले पिल्लू वरकरणी सावरले तरी काही तासांनी त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू शकते.

इतके करूनही ज्यांचा धीर सुटतो, त्यांच्यातले काही पिल्लाला रात्री घोडबंदर रस्त्याच्या कडेला सोडून येतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान तेथून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्यातील बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियमान्वये गुन्हाही आहे. ज्यांना पिल्लू सांभाळणे खरोखरच अशक्य आहे, त्यांनी माझ्याकडे किंवा कुठल्याही पशुवैद्याकडे ते उघडपणे बोलावे; आमच्याकडे येणाऱ्या माणसांतच त्याला दुसरे घर शोधता येते.